बहिणीचे नाव, भावाची कंपनी आणि पडद्यावरची जात

सिनेमाच्या पोस्टरवर चेहरा नटाचा असतो. पैसा कोणाचा, हे खाली इतक्या बारीक अक्षरात छापलेले असते की चष्मा लावूनही वाचता येऊ नये. आपला समाज सिनेमा पाहतो, त्यावर पोटतिडकीने बोलतो, एखाद्या चित्रपटात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला तरी दहा जणांना फोन करून सांगतो. पण ती बारीक अक्षरे वाचायची सवय आपल्याला नाही. जमिनीचा सातबारा हातात आला की आपण आधी कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहतो. सिनेमाचाही सातबारा असतो आणि त्यावर निर्मात्याचे नाव असते. कोणती गोष्ट सांगायची, कोणाच्या तोंडून सांगायची आणि कोणती गोष्ट मुळीच सांगायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार शेवटी त्या नावाकडे असतो.

असेच एक नाव आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. कर्णेश शर्मा. बऱ्याच जणांना ते ओळखीचे वाटणार नाही. नटी अनुष्का शर्माचा थोरला भाऊ, असे सांगितले की मग लक्षात येते. आंबेडकरी वाचकाने या माणसाच्या कारकिर्दीकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याने काढलेल्या सिनेमांत आहे. जातीच्या इभ्रतीपायी होणारे खून, दलिताच्या घरी जेवून नंतर अंग शुद्ध करणारा पुढारी, बालवधू म्हणून वाड्यात कोंबलेली मुलगी, हे विषय मुंबईच्या हिंदी सिनेमाने गेल्या काही वर्षांत ज्या मोजक्या कंपन्यांमार्फत मांडले, त्यांत या भावंडांची कंपनी आहे. ते कसे मांडले, कोणाच्या नजरेने मांडले, याचा हिशेब आपण घेतला पाहिजे.

शर्मा हे लष्करातले कुटुंब. वडील कर्नल. बदल्यांच्या निमित्ताने देशभर फिरलेले आणि पुढे बंगळुरात स्थिरावलेले. सिनेमाच्या धंद्यात त्यांच्या घरचे कोणी नव्हते. कर्णेश मर्चंट नेव्हीत गेला. बहीण मॉडेलिंगमधून मुंबईत आली, यशराज फिल्म्सने तिला तीन चित्रपटांसाठी करारबद्ध केले आणि २००८ मध्ये 'रब ने बना दी जोडी'त ती शाहरुख खानसमोर उभी राहिली. पाच वर्षांनी, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, भाऊ-बहिणीने मिळून 'क्लीन स्लेट फिल्म्स' ही कंपनी काढली. तेव्हा बहीण २५ वर्षांची होती. ज्या वयात हिंदी नटीला निर्मात्याच्या दारात ताटकळत बसावे लागते, त्या वयात ती स्वतः निर्माती झाली.

इथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्या देशात भाऊ-बहिणीच्या नात्यात मालमत्तेचा विषय निघाला की काय होते, हे खेड्यातल्या कोणत्याही तलाठ्याला विचारा. बहिणीला साडीचोळी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. मुलींच्या वारसाहक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लावून धरले, ते रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळायला २००५ साल उजाडावे लागले. या पार्श्वभूमीवर इथे उलटे घडलेले दिसते. दार उघडले ते बहिणीच्या नावाने. पैसा लावणारे आले ते तिचा चेहरा पाहून. भावाने आत येऊन घर सांभाळले. कपूर, चोप्रा, जोहर या घराण्यांत बापाचे नाव मुलाला मिळते. कर्णेशला बहिणीचे मिळाले, एवढा फरक आहे. फरक लहान नाही.

आणि या भाऊ-बहिणीच्या कंपनीने पहिलाच चित्रपट काढला तो कोणता? 'एनएच १०'. १३ मार्च २०१५ रोजी तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शन नवदीप सिंग यांचे, लेखन सुदीप शर्मा यांचे. फँटम आणि इरॉस या मोठ्या कंपन्याही निर्मितीत सोबत होत्या. गुडगावच्या काचेच्या इमारतीत नोकरी करणारे मीरा आणि अर्जुन हे जोडपे सुट्टीसाठी गाडीने निघते. वाटेत ढाब्यावर एका तरुण मुलीला आणि तिच्या नवऱ्याला काही लोक मारत, फरपटत नेताना दिसतात. मारणाऱ्यांचा म्होरक्या त्या मुलीचा सख्खा भाऊ. तिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, एवढाच तिचा गुन्हा. हे लोक त्या दोघांना संपवतात आणि ते पाहणाऱ्या शहरी जोडप्याच्या मागे लागतात. गावची सरपंच एक बाई आहे. मीरा तिच्याकडे आसरा मागायला जाते तेव्हा कळते की मेलेली मुलगी तिचीच. दीप्ती नवल यांनी ही आई केली आहे आणि ती पाहताना अंगावर काटा येतो.

भाऊ आणि बहीण एकत्र येऊन भावाने बहिणीचा गळा घोटल्याची गोष्ट सांगतात, हे आम्हाला त्या चित्रपटापेक्षाही मोठे वाटते. हरियाणात हे काही कल्पनेतले नव्हते. कैथल जिल्ह्यातल्या मनोज-बबली प्रकरणात २००७ मध्ये एकाच गोत्रातल्या तरुण-तरुणीने लग्न केले म्हणून दोघांना मारून कालव्यात फेकले होते. २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली आणि त्यांत मुलीचा भाऊ होता. उच्च न्यायालयात पुढे फाशी टिकली नाही. खाप पंचायतींना अशा लग्नांत नाक खुपसण्याचा काडीचाही अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या मार्चमध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात बजावले. म्हणजे 'एनएच १०' आला तेव्हा तो निकालही यायचा होता.

त्या चित्रपटात एक पोलीस अधिकारी मीराला तिची जात विचारतो. गुडगावचा शेवटचा मॉल संपला की तुमची लोकशाही आणि तुमचे संविधान संपते, अशा अर्थाचे तो तिला ऐकवतो. चळवळीतल्या माणसाला हे वाक्य टोचते, कारण ते अर्धेच खरे आहे. मॉलच्या आत तरी संविधान कुठे आहे? मॉलच्या स्वच्छतागृहात झाडू मारणारे हात कोणाचे, हे पाहायला गुडगाव ओलांडायची गरज नाही. जात ही खेड्यातली, अडाण्यांची, गावंढळांची गोष्ट, शहरातला सुशिक्षित माणूस तिच्या तावडीत चुकून सापडलेला बिचारा, ही मांडणी शहरी उच्चवर्णीयाला फार सोयीची असते. 'एनएच १०' त्या मांडणीतून पूर्ण सुटत नाही. अंगावर येणारा, धाडसी चित्रपट आहे, सेन्सॉरने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिले, मोठ्या नटीने तो केला, हे सगळे मान्य. पण मेलेल्या त्या दोन जिवांना पडद्यावर वाट्याला किती मिनिटे आली, हे आम्ही मोजायला सांगू. गोष्ट त्यांच्या मरणाने सुरू होते आणि दुसऱ्या कोणाची तरी होऊन जाते.

पुढच्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला. तिथेही बहिणीच्या घरात रक्त सांडायला भाऊच येतो. पण तिथे अडीच-पावणेतीन तास आपण त्याच दोघांबरोबर असतो. त्यांची विहीर, त्यांची बोट, परक्या शहरातल्या झोपडपट्टीतले त्यांचे भांडण, त्यांचे लेकरू. म्हणून शेवटी जे घडते ते बातमी म्हणून येत नाही, घरातले कोणी गेल्यासारखे येते. विषय दोन्हीकडे एकच, नजर वेगळी. आणि 'सैराट'च्या बारीक अक्षरांत झी सोबत नागराजच्या स्वतःच्या 'आटपाट' संस्थेचेही नाव होते, हेही वाचून ठेवा.

कर्णेशच्या कंपनीचे पुढचे दोन चित्रपट, 'फिल्लौरी' (२०१७) आणि 'परी' (२०१८), यांच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. 'फिल्लौरी'त मात्र गंमत आहे. कॅनडाहून आलेल्या नवरदेवाला मंगळ आहे म्हणून त्याचे आधी झाडाशी लग्न लावतात आणि झाडावरची भुतीण त्याच्या मागे येते. मंगळाच्या नावाखाली आजही किती मुलींची लग्ने अडतात! या थोतांडाची टिंगल करणारा चित्रपट अखेर भुताचेच प्रेमप्रकरण रंगवत बसला. असो.

खरी नोंद घ्यावी लागते ती 'पाताल लोक'ची. १५ मे २०२० रोजी, टाळेबंदीत सगळा देश घरात अडकलेला असताना, ॲमेझॉन प्राइमवर ही नऊ भागांची मालिका आली. निर्मिती या भावंडांची, कल्पना आणि लेखनाची धुरा पुन्हा सुदीप शर्मांकडे, आणि दिग्दर्शन प्रोसित रॉय व अविनाश अरुण यांचे. हा अविनाश अरुण म्हणजे आपल्या मराठी 'किल्ला'चा दिग्दर्शक, 'मसान'चा छायाचित्रकार. दिल्लीच्या एका ठाण्यातला हाथीराम चौधरी नावाचा, बढती न मिळालेला पोलीस एका नामवंत पत्रकाराच्या खुनाच्या कटाचा तपास करतो आणि चार आरोपींच्या मागे जात जात त्यांच्या जातीपर्यंत, गावापर्यंत, जखमेपर्यंत पोचतो. जयदीप अहलावतने हा हाथीराम असा उभा केला की त्या वर्षीचा फिल्मफेअरचा ओटीटी पुरस्कार त्याला आणि मालिकेलाही मिळाला.

या मालिकेत चित्रकूटचा एक ब्राह्मण पुढारी आहे. दलितांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या पंक्तीला बसतो, फोटो काढून घेतो, आणि परतताना गाडीत भरून ठेवलेल्या गंगाजलाने आंघोळ करतो. भजने गाणाऱ्या अनुप जलोटांनी ही भूमिका केली आहे. निवड कोणी केली माहीत नाही, पण करणाऱ्याचे कौतुक केले पाहिजे. हे पाहताना आपल्या लोकांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याची पंचगव्याने शुद्धी केली होती. तेव्हा तळे धुतले, आता पुढारी स्वतःला धुतो. दलिताच्या घरी जेवणाचे कार्यक्रम निवडणुकीच्या तोंडावर कसे होतात, ताटे कुठून येतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. हिंदी पडद्याने ते इतके उघडे क्वचितच केले होते.

आमची तक्रार आहे ती दुसरीकडे. मालिकेतल्या चार आरोपींपैकी एक पंजाबातला, खालच्या गणलेल्या जातीतला तरुण. गावातल्या उच्चजातीय पोरांचा छळ सोसून सोसून एक दिवस तो चाकू चालवतो आणि पळून जातो. सूड म्हणून त्याच्या आईवर सामूहिक बलात्कार होतो. दुसरा, हथोडा त्यागी, जमिनीच्या भांडणात चुलतभावांनी बहिणींवर अत्याचार केल्यावर हातोडा उचलतो. खैरलांजीच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या आम्हाला हे अतिशयोक्त आहे असे म्हणण्याचा अधिकार नाही. बाईच्या शरीरावर जातीचा सूड घेतला जातो, हे सत्यच आहे. प्रश्न असा की त्या आईला, त्या बहिणींना मालिकेत पुढे किती जागा मिळाली? मुलाचा राग कळावा म्हणून आईची विटंबना दाखवायची आणि कॅमेरा मुलाच्या मागे निघून जायचा. ज्या कंपनीच्या पहिल्या चित्रपटात बाईने लोखंडी गज हातात घेतला होता, तिच्या सर्वांत गाजलेल्या कलाकृतीत बायका गप्प आहेत. आणि आपला माणूस पडद्यावर आला तो पुन्हा एकदा पिचलेला किंवा गुन्हेगार होऊन. वाचनालय चालवणारा, वकिली करणारा, युनियन बांधणारा, पोरीला परदेशी शिकायला पाठवणारा आपला माणूस या 'पाताळा'त कोणाला सापडला नाही.

मालिकेवर गदारोळ झालाच. गोरखा समाजाच्या संघटनांनी एका अपमानास्पद शब्दावर आक्षेप घेतला, तो रास्त होता. उत्तर प्रदेशातल्या लोणीचे भाजप आमदार आपला फोटो वापरला म्हणून संतापले, पोलिसांत गेले, आणि विराट कोहलीने या बायकोला घटस्फोट द्यावा असा सल्ला जाहीरपणे देऊन मोकळे झाले! वाचकहो, यातली मेख पाहा. निर्माते दोघे, भाऊ आणि बहीण. घटस्फोटाचा सल्ला भावाच्या बायकोला कोणी दिला नाही. नोटिसा, शिव्या, बहिष्काराच्या हाका, सगळे बहिणीच्या दारात. तिचे नाव मोठे म्हणून दगडही तिलाच, हे एक कारण झाले. बाईने बोलले की नवऱ्याला जाब विचारायचा, ही मनूची शिकवण हे दुसरे.

त्याच वर्षी जूनमध्ये नेटफ्लिक्सवर 'बुलबुल' आला. १८८१ च्या बंगालमधली गोष्ट, दिग्दर्शन अन्विता दत्त यांचे. एका चिमुरड्या मुलीचे लग्न प्रौढ जमीनदाराशी लागते. पायात जोडवी कशासाठी घालतात, असे ती पोर विचारते तेव्हा सांगतात की तिथली नस दाबून ठेवली नाही तर मुली उडून जातात. जोतीराव-सावित्रीबाईंच्या लेकींना या एका प्रसंगात सगळे कळते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये याच दिग्दर्शिकेचा 'कला' आला. त्यात संगीत घराण्यातली आई पोटच्या मुलीला बाजूला सारून गुरुद्वारात गाणाऱ्या एका अनाथ मुलाला वर काढते. नावामागे 'बाई' लागू नये, पुढे 'पंडित' लागावे, असा त्या आईचा हट्ट. कोण बाई आणि कोण पंडित, हे या देशात गळ्याने ठरले की जन्माने, हा प्रश्न तिथे ओझरता येऊन जातो. कोणी तरी त्याच्यावरच एक आख्खा चित्रपट काढायला हवा. गायिकांच्या कितीतरी पिढ्या 'बाई' म्हणून कोठ्याच्या आणि माडीच्या हिशेबात धरल्या गेल्या आणि त्यांचीच चीज गाऊन दुसरे पंडित झाले.

आता पैशाचे पाहू, कारण निर्मात्याचा विषय पैशावाचून पुरा होत नाही. थिएटरसाठी सिनेमा काढला तर निर्माता जोखीम घेतो. चालला तर नफा त्याचा, पडला तर कर्ज त्याचे. ओटीटीवर गणित निराळे असते. कंपनी साधारणपणे खर्च आणि वर ठरलेला मोबदला देते, आणि बदल्यात कलाकृतीचे हक्क स्वतःकडे घेते. निर्मात्याला घाटा नाही, पण शेतही त्याचे राहत नाही. तो एका अर्थी मोठा मुकादम होतो. २०२२ च्या जानेवारीत कर्णेशच्या कंपनीचे ॲमेझॉन आणि नेटफ्लिक्सशी मिळून सुमारे ४०० कोटी रुपयांचे काम ठरल्याच्या बातम्या छापून आल्या. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, अनुष्काने आपण कंपनीतून बाजूला होत असून यापुढे अभिनयाकडे लक्ष देणार असल्याचे जाहीर केले. आई झालेली बाई धंद्यातून बाहेर पडते आणि भाऊ कारभारी होतो, हे चित्र तसे आपल्या ओळखीचेच. तिने ते स्वखुशीने केले असे ती सांगते आणि तिच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे आम्हाला कारण नाही.

भावाने एकट्याने कंपनी कशी चालवली? २०२५ च्या जानेवारीत आलेला 'पाताल लोक'चा दुसरा भाग पाहावा. हाथीराम या वेळी नागालँडला जातो. पहिल्या भागात ईशान्येच्या माणसाकडे पाहण्याच्या दिल्लीच्या नजरेवर बोट ठेवता ठेवता मालिका स्वतःच घसरली होती. दुसऱ्या भागात नागा कलावंत आहेत, नागामीज बोली कानावर पडते, तिथल्या माणसांना स्वतःचे राजकारण आणि स्वतःची दुखणी आहेत. ही सुधारणा आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण मग आमच्या बोलीचे काय, आमच्या लेखणीचे काय? या कंपनीत जातीवर लिहिणारे, दिग्दर्शन करणारे, पैसा उभा करणारे कोण, याची नावे वाचा. कर्णेश शर्मा, अनुष्का शर्मा, सुदीप शर्मा. सुदीप त्यांच्या नात्यातले नव्हेत. आडनावावरून माणूस मोजणे आम्हाला मान्य नाही, सुदीप शर्मांच्या लेखणीची धार आम्ही वर सांगितलीच आहे. तरीही ज्या व्यवसायात आडनावांची यादी वर्षानुवर्षे तीच राहते, तिथे हे कसे, असे विचारणे हा आपला हक्क आहे. तमिळनाडूत पा. रंजित यांनी वाट पाहिली नाही. स्वतःच्या दिग्दर्शनातून नाव कमावले, 'नीलम प्रॉडक्शन्स' काढली, आणि २०१८ मध्ये मारी सेल्वराज या नव्या पोराला 'परियेरुम पेरुमाळ' करायला पैसा दिला. 'मसान'चे दिग्दर्शक नीरज घायवान यांनी आपण दलित असल्याचे उघडपणे सांगितले आहे. त्यांचा 'होमबाउंड' २०२५ मध्ये कान महोत्सवात गेला, भारताची ऑस्कर प्रवेशिका ठरला. नजर त्यांची, पण त्यांनाही भांडवलासाठी करण जोहरच्या धर्मा प्रॉडक्शन्सचे दार लागले.

आपल्याकडे भावाने राबून बहिणीला शिकवले, बहिणीने धुणीभांडी करून भावाला कलेक्टर केले, अशी घरे गल्लोगल्ली आहेत. आपली भावंडे एकमेकांना नोकरीपर्यंत पोचवतात आणि तिथे दमतात. कर्नलच्या घरातल्या पोराला जहाजावरची नोकरी सोडून बहिणीच्या भरवशावर बेभरवशाच्या धंद्यात उतरता आले, पाच-दहा वर्षे तग धरता आला. आपल्या घरातल्या पहिल्या पगारदाराच्या मागे कर्ज, दोन लग्ने आणि गावच्या घराचे पत्रे उभे असतात.

आणि भांडवलाची ताकद कर्णेशलाही कळली आहेच. २०२२ च्या जानेवारीत 'चकदा एक्सप्रेस'ची घोषणा झाली होती. बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या चकदा गावातून निघून भारताची वेगवान गोलंदाज झालेल्या झुलन गोस्वामीची ही गोष्ट. निर्मिती भावाची, झुलनच्या भूमिकेत बहीण, दिग्दर्शन प्रोसित रॉय यांचे, आणि तो दिसणार होता नेटफ्लिक्सवर. झुलन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॉर्ड्सवर शेवटचा सामना खेळून निवृत्त झाली. २०२५ संपले तरी तो चित्रपट प्रेक्षकांसमोर आला नव्हता.